पोर्ट दोन, वायरी सहा : गावच्या लॅपटॉपला डॉक घेताना

एरवी आम्ही कृषी खात्याची माणसे भाताच्या करप्यावर नाहीतर भाजीपाल्याच्या खतांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतो. विषय आहे लॅपटॉपला जोडायच्या डॉकचा. शेतकऱ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपला सातबारा, पीक पाहणी, पीएम किसानचा हप्ता, ग्रामपंचायतीचे बिल या सगळ्याची वाट आता लॅपटॉपच्या कडेला असलेल्या दोन-तीन बारीक भोकांतून जाते. त्या भोकांना पोर्ट म्हणतात. पोर्ट कमी पडले की वाट अडते, आणि अडतो तो शेतकरी.

आजींच्या बोटांचा दोष नव्हता

गेल्या पावसाळ्यात कल्याण-मुरबाड रस्त्याच्या बाजूच्या एका गावात पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी बसलो होतो. वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होते, नसेल तर अंगठा द्यावा लागतो. एक आजी त्यासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. आदल्या दोन वेळेला त्यांना सांगितले होते, "आजी, बोटं झिजलीत तुमची, मशीन घेत नाही." आजींनीही ते मान्य केले होते. चाळीस-पन्नास वर्षे लावणी आणि कापणी केलेली बोटे, झिजली असतील. घरी त्यांनी बोटांना खोबरेल तेलही चोळून पाहिले होते.

मी टेबलाकडे पाहिले. नवा पातळ लॅपटॉप, त्याला दोनच पोर्ट. एकात चार्जर. दुसऱ्यात एक स्वस्तातली डबी, म्हणजे हब. त्या डबीला अंगठ्याचे मशीन, माऊस, प्रिंटर, सहीचा डोंगल, आणि वरकडी म्हणून कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. अंगठ्याच्या मशीनचा दिवा मधेच विझत होता, परत लागत होता. मी म्हटले, "अहो, आधी तो मोबाइल काढा, आणि अंगठ्याची वायर डबीतून काढून थेट लॅपटॉपला लावा." चार्जर पाच मिनिटे काढला, बॅटरीवर काम चालवले. दुसऱ्या खेपेला अंगठा लागला.

आजी म्हणाल्या, "म्हणजे माझी बोटं धड हायेत की!"

बोटे खरोखर झिजतातही, तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती वापरावी. पण दर वेळी म्हातारीच्या बोटांना बोल लावण्याआधी डबीकडे बघावे, एवढे त्या दिवशी शिकलो.

एवढ्या वायरी आल्या कुठून?

पूर्वी ग्रामपंचायतीत एक मोठा संगणक असे आणि त्याच्या पाठीमागे सात-आठ भोके असत. प्रत्येक वायरीला तिची जागा. संग्राम कक्ष २०११ पासून आले, नंतर २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ ला सुरू झाला. ई-ग्रामस्वराज २४ एप्रिल २०२० ला आले आणि वित्त आयोगाच्या पैशाचे देयक सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने निघू लागले. शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना बंधनकारक झाला. आमच्या खात्याचे सांगायचे तर मे २०२५ मध्ये कृषी सहायकांनी आंदोलन केले, त्यातल्या मागण्यांत लॅपटॉपही होता. म्हणजे काम वाढले, यंत्रे वाढली, आणि लॅपटॉप मात्र वर्षागणिक पातळ होत गेले. पातळ लॅपटॉपच्या कडेला जागाच कमी, म्हणून पोर्ट कमी.

यूएसबी हा प्रकार १९९६ साली आला. तो घडवणाऱ्यांत आपल्या शेजारच्या बडोद्याला शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. त्याआधी प्रिंटरची वायर वेगळी, माऊसची वेगळी, असा कारभार होता. पुढे २०१४ मध्ये टाइप-सी हे दोन्ही बाजूंनी बसणारे लंबगोल तोंड आले. युरोपने तर नव्या मोबाइलना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे केले, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. तेव्हा टाइप-सी आता जाणार नाही. पण आपल्या गावातली यंत्रे बहुतेक जुन्या चपट्या चौकोनी तोंडाची, म्हणजे टाइप-ए ची. या दोघांची गाठ घालून देणारी वस्तू म्हणजे हब किंवा डॉक.

हब वेगळा, डॉक वेगळा

दुकानात दोन्ही नावे सरमिसळ वापरतात, त्यामुळे फसगत होते. सोपा फरक असा. हब म्हणजे लॅपटॉपकडूनच वीज घेऊन चार जणांत वाटणारी डबी. डॉक किंवा डॉकिंग स्टेशन म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेली पेटी. ती भिंतीतून वीज घेते, सगळ्या यंत्रांना पुरवते, आणि वर लॅपटॉपलाही चार्ज करते. डॉक टेबलावर कायम राहतो. भाऊसाहेब आले, एक वायर लॅपटॉपला लावली, की प्रिंटर, इंटरनेट, मोठा पडदा सगळे एकदम जोडले गेले. जाताना तीच एक वायर काढायची.

हब हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. डॉकला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. म्हणून गरज पाहूनच घ्यावा.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. एका डीपीवर गावातल्या किती मोटारी चालतात आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकदम बटण दाबले की शेवटच्या शेतकऱ्याची मोटर कशी हुंकार देऊन बसते, हे आपण रोज बघतो. हबचे तेच आहे. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९००. लॅपटॉपच्या टाइप-सी मधून जास्तही मिळू शकते, पण ते लॅपटॉपवर अवलंबून. त्या एवढ्याशा विजेत चार-पाच यंत्रे बसवायची. त्यात कोणी मोबाइल लावला की तो सगळी वीज ओढतो आणि अंगठ्याचे मशीन टेलच्या शेतकऱ्यासारखे कोरडे राहते.

आधी वायरी मोजा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर आपल्या टेबलावरची यंत्रे लिहा. साधारण ग्रामपंचायतीत ही यादी निघते : सहीचा डोंगल, अंगठ्याचे मशीन, प्रिंटर, माऊस, इंटरनेटची लॅन वायर, आणि ग्रामसभेला प्रोजेक्टर किंवा टीव्ही. पहिली चार टाइप-ए ची. पाचवीला लॅनचे चौकोनी भोक. सहाव्याला एचडीएमआय. म्हणजे टाइप-ए किमान चार, लॅन एक, एचडीएमआय एक, आणि चार्जरसाठी टाइप-सी एक. एवढे ज्यात आहे तेच बघायचे. "दहा पोर्टांचा घ्या" म्हणतील, पण त्या दहात कॅमेऱ्याच्या कार्डाची भोके धरलेली असतात, जी आपल्याला वर्षात एकदाही लागत नाहीत.

आमच्यासारख्या शिवारात फिरणाऱ्याची यादी लहान. माऊस, पेन ड्राइव्ह आणि शेतकरी मेळाव्यात प्रोजेक्टर. त्याला छोटा हब पुरतो. त्याने डॉकच्या नादी लागू नये. बॅगेत अडॅप्टरचे ओझे कशाला?

वेगाचेही असेच. खोक्यावर ५ जीबीपीएस, १० जीबीपीएस, ४० जीबीपीएस असे आकडे असतात. आकडा मोठा तशी किंमत मोठी. पण डोंगल, अंगठ्याचे मशीन, माऊस आणि प्रिंटर यांना यूएसबी २ चा ४८० एमबीपीएसचा वेगसुद्धा पुरून उरतो. बैलगाडीला सहापदरी रस्ता लागत नाही. वेग लागतो तो मोठ्या हार्ड डिस्कला आणि पडद्याला. आपल्या कामाला ५ जीबीपीएसचा पुष्कळ झाला.

लॅपटॉपचे भोक ओळखा

आता सगळ्यात मोठी चूक कुठे होते ते सांगतो. टाइप-सी चे तोंड सगळीकडे सारखेच दिसते, पण आतले काम सारखे नसते. बियाण्याची पिशवी बाहेरून सारखीच दिसते, वाण वेगळा असतो, तसे. काही लॅपटॉपच्या टाइप-सी मधून फक्त माहिती जाते. काहींतून चित्रही जाते. काहींतून चार्जिंगही होते. ज्या पोर्टमधून चित्र जात नाही, त्याला कितीही महागडा हब लावा, एचडीएमआयवर पडदा काळाच राहील. हब लॅपटॉपला नवी ताकद देत नाही. असलेली ताकद वाटून देतो, इतकेच.

ओळखायचे कसे? पोर्टशेजारी बारीक खूण असते. विजेच्या कडाक्यासारखा बाण असेल तर तो थंडरबोल्ट, त्यातून माहिती, चित्र आणि वीज तिन्ही जातात. इंग्रजी डी आणि पी अक्षरांची जोडखूण असेल तर चित्र जाते. नुसती त्रिशूळासारखी खूण असेल तर चित्राची खात्री नाही. काही कंपन्या खूणच छापत नाहीत, तेव्हा लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघावे. जुन्या लॅपटॉपचा चार्जर गोल पिनेचा असेल तर डॉकमधून चार्जिंग होईलच असे धरून चालू नये.

पोर्टमधून चित्र जात नसेल तर डिस्प्लेलिंक नावाच्या पद्धतीचे डॉक मिळतात. ते साध्या यूएसबीतूनही चित्र देतात. मात्र त्यासाठी लॅपटॉपमध्ये वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि किंमत जास्त असते. लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय असेल तर तेच वापरा आणि हे पैसे वाचवा.

ग्रामसभेच्या पडद्याबद्दलही दोन शब्द. खोक्यावर "फोर-के" लिहिलेले असते. त्याखाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ की ६० हर्ट्झ ते बघावे. रोज मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्याने ६० घ्यावा, ३० वर माऊस अडखळत चालल्यासारखा दिसतो. प्रोजेक्टरला फोर-के ची गरजच नाही. पुष्कळ ठिकाणी जुने प्रोजेक्टर निळ्या रंगाच्या, दोन स्क्रूवाल्या व्हीजीए वायरीचे आहेत. आपला तसा असेल तर व्हीजीए असलेलाच डॉक बघा. नाहीतर सभा भरलेली, ग्रामस्थ जमलेले, आणि आराखडा लॅपटॉपमध्येच अडकलेला, अशी वेळ येते.

वॉटचा हिशोब

खोक्यावर "१०० वॉट पीडी" लिहिले म्हणजे हब १०० वॉट तयार करतो असे नाही. तो तुमच्याच चार्जरची वीज पुढे पाठवतो, आणि जाता जाता १०-१५ वॉट स्वतःसाठी ठेवतो. म्हणजे चार्जर ६५ वॉटचा असेल तर लॅपटॉपला ५० च्या आसपास पोचतात. लॅपटॉपला ६५ लागत असतील तर काम चालू असताना बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि आपण बॅटरी खराब झाली म्हणून बसतो. लॅपटॉपच्या चार्जरवर किती वॉट लिहिले आहेत ते आधी वाचावे, त्याहून जास्त देणारा डॉक घ्यावा. डॉकच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल तर वस्तू परत करावी. हा प्रश्न आगीचा आहे.

लाइट गेली तर?

शहरातला दुकानदार ही गोष्ट सांगणार नाही, कारण त्याला ती रोज भोगावी लागत नाही. डॉक भिंतीच्या विजेवर चालतो. लाइट गेली की लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक बंद. त्याबरोबर डोंगल बंद, अंगठा बंद, लॅन बंद. देयकावर सही चालू असताना असे झाले की सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. ३१ मार्चच्या संध्याकाळी हे झाले तर काय होते, ते भाऊसाहेबांना सांगायला नको.

यावर दोन उपाय. डॉकचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या प्लगला लावावा, आणि लॅन चालायची तर राउटरही त्याच प्लगला. आणि सहीचा डोंगल व अंगठ्याचे मशीन या दोन नाजूक वस्तूंपैकी निदान एक तरी थेट लॅपटॉपला लावायची सवय ठेवावी. माऊस आणि प्रिंटर डॉकवर गेले तरी बिघडत नाही.

कॅम्प १ मध्ये खरेदी

म्हारळ, वरप, कांबा या बाजूच्या गावांना उल्हासनगरचा कॅम्प १ हाताशी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांनी ही बाजारपेठ उभी केली. ८ ऑगस्ट १९४९ ला वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी अजून कॅम्पच आहेत.

त्या आजींच्या प्रसंगानंतर मी आणि तिथले भाऊसाहेब कॅम्प १ मधल्या एका दुकानात गेलो. जाताना लॅपटॉप, त्याचा चार्जर, डोंगल, अंगठ्याचे मशीन आणि प्रिंटरची वायर पिशवीत घालून नेली. शेठजींनी पहिली पेटी पुढे केली, "साहेब, हा घ्या. फोर-के, शंभर वॉट, सगळं चालतं."

भाऊसाहेब म्हणाले, "शेठ, चालतं ते इथंच लावून दाखवा."

लावले. माऊस चालला, अंगठ्याचा दिवा लागला, पण टीव्हीवर चित्र येईना. शेठजी हसले, म्हणाले, "पोर्ट तुमचं डाटावालं आहे साहेब. पहिले बघायला पाहिजे होतं." त्यांनीच मग दुसरी पेटी काढली. स्वतःच्या अडॅप्टरची, चार टाइप-ए, लॅन, आणि एचडीएमआयची भानगड नसलेली. लॅपटॉपला एचडीएमआय होतेच, ते आम्ही विसरलो होतो! किंमत पहिल्या पेटीपेक्षा कमी पडली. अर्धा तास गेला, पण ग्रामपंचायतीचे पैसे वाचले.

म्हणून सांगतो, बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरत नाही. डॉकही आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच यंत्रांसह लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. सगळी यंत्रे एकदम लावावीत आणि दहा मिनिटे चालू ठेवावीत. एकेक लावून बघितले तर सगळेच चालते. जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल घ्यावे, त्यावर मॉडेल लिहून घ्यावे आणि वॉरंटी किती ते विचारावे.

वस्तू घेताना वायरही बघा. हबची वायर डबीलाच चिकटलेली असेल तर मानेजवळ तुटते आणि अख्खा हब टाकून द्यावा लागतो. काढता-घालता येणारी वायर असेल तर फक्त वायर बदलता येते. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा आणि वर्षभर उंदीर, त्यामुळे पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नये, टेबलावर उंच ठेवावी.

सहीचा डोंगल डॉकमध्ये ठेवू नका

शेवटी एक गोष्ट, जी खरेदीपेक्षा मोलाची आहे. डॉक आला की टेबल नीटनेटके होते, सगळे जागच्या जागी लावलेले राहते. मग सहीचा डोंगलही तिथेच लावलेला राहतो. रात्रीसुद्धा. वर पिन क्रमांक कागदावर लिहून पडद्याला चिकटवलेला. काही गावांत सरपंचताईंचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि ताईंना देयक निघाल्याचे नंतर कळते. हे बरे नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे डिजिटल सहीला कायद्याची मान्यता आहे, आणि कलम ४२ प्रमाणे सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात सांभाळणे ही ज्याची सही त्याची जबाबदारी आहे. कोरा चेक सही करून टेबलावर कोणी ठेवतो का? मग डोंगल का ठेवावा? सही झाली की डोंगल काढावा आणि ज्याचा त्याने खिशात नाहीतर कपाटात ठेवावा. सरपंचताईंनी स्वतः पडद्यावर रक्कम आणि नाव वाचून मगच पिन टाकावा. डॉक यंत्रे जोडण्यासाठी आहे, जबाबदारी सोडण्यासाठी नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. यंत्रांची यादी करा, मगच पोर्ट मोजा.
२. फिरतीवर असाल तर हब, टेबलावर चार-पाच यंत्रे कायम असतील तर स्वतःच्या अडॅप्टरचा डॉक.
३. लॅपटॉपच्या टाइप-सी मधून चित्र आणि चार्जिंग जाते का, ते आधी बघा.
४. लॅपटॉपचे वॉट वाचा, हब मधे १०-१५ वॉट खातो हे धरा.
५. हबवर मोबाइल चार्जिंगला लावू नका.
६. डॉक इन्व्हर्टरच्या प्लगला, नाजूक यंत्र थेट लॅपटॉपला.
७. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण, हातात पक्के बिल.
८. काम झाले की डोंगल काढा.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्यासाठीही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "तुमची बोटं झिजलीत," तर परत फिरू नका. विचारा, "भाऊ, मशीन थेट लॅपटॉपला लावून एकदा बघता का?" त्या आजींनी विचारले असते, तर त्यांच्या दोन फेऱ्या आणि खोबरेल तेल दोन्ही वाचले असते.